दार कशाचं

ते साल दोन हजार चोवीस. त्या श्रावणात धरणाचं पाणी जुन्या खडकोळीत शिरलं. आधी नाला भरला, मग मारुतीचा ओटा गेला, आणि पोळ्याच्या आधी उमाळ्यांच्या घराचा उरलासुरला चौथराही दिसेनासा झाला. गजेंद्रनं काठावर उभं राहून मोबाइलमध्ये फोटो काढून आणला. त्याच्या आईनं, सुभद्राबाईंनी, तो पाहिला नाही. मिरच्या निवडत होत्या, त्या निवडत राहिल्या.

गाव उठून चार वर्षं झाली होती. नांदुऱ्याच्या रस्त्याला, जुन्या गावापासून तीन कोसांवर, सरकारनं बुडणाऱ्या चार गावांसाठी माळावर रेघा मारून नवी खडकोळी वसवली. सरळ गल्ल्या, सारखी घरं, प्रत्येक घराला नंबर. कोणाला कोणतं घर हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. जुन्या गावात उमाळे नाल्याच्या या अंगाला आणि तायडे त्या अंगाला, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची मांडणी होती. चिठ्ठ्यांना ती कुठली ठाऊक? उमाळ्यांना अठ्ठेचाळीस नंबर निघाला आणि रस्त्यापलीकडे, अगदी समोरासमोर, शंकरराव तायड्यांना एकतीस.

पहिल्या वर्षी सगळेच त्या घरांना प्लॉट म्हणत. प्लॉटवर चाललो, प्लॉटवर पाणी आलं का. हळूहळू लोकांच्या तोंडी घर आलं. सुभद्राबाईंच्या तोंडी आलं नाही. सत्तरीच्या त्या बाईंनी चार वर्षांत त्या मुरमाड जागेत शेणखत ओतून वांगी, गवार, चवळी उभी केली होती. चार गल्ल्यांतल्या बाया त्यांच्याकडून रोपं नेत. पण बाजारातून परततानाही त्या सुनेला म्हणत, "चाल व छाया, प्लॉटवर जाऊ." नात अर्पिता खामगावच्या कॉलेजात जायला लागली तेव्हा मैत्रिणींना सांगायची, आमची आजी घरात राहत नाही, प्लॉटवर राहते.

सगळं निभलं असतं, पण महालक्ष्म्या आल्या.

उमाळ्यांच्या महालक्ष्म्या म्हणजे दोन पितळी मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. ते कायम खडकोळीतच असत. थोरले महादेवराव चाळीस वर्षांपूर्वी एसटीच्या नोकरीसाठी खामगावला गेले, धाकटे शेषराव शेतीवर राहिले, आणि शेषरावांच्या मागे सुभद्राबाईंनी मुखवटे सांभाळले. गाव उठल्यावरही भाद्रपदात मुखवटे ट्रॉलीत घालून जुन्या चौथऱ्यावर न्यायचे, वरून ताडपत्री बांधायची, तीन दिवस तिथंच स्वयंपाक करायचा. चार वर्षं असं चाललं. आता चौथराच नव्हता.

आवाहनाच्या आठ दिवस आधी खामगावहून शालूबाईंचा फोन आला. त्या महादेवरावांच्या पत्नी, सुभद्राबाईंच्या थोरल्या जाऊ. त्यांनी विचारलं काहीच नाही, सांगितलं. आवाहनाच्या दिवशी सकाळी आम्ही गाडी घेऊन येतो, मुखवटे घेतो, तुम्ही सगळे गाडीत बसा, आणि दिवेलागणीला खामगावच्या घरात लक्ष्म्या बसवू. यंदापासून त्या तिथंच.

सुभद्राबाई "बरं" म्हणाल्या नाहीत आणि "नाही"ही म्हणाल्या नाहीत. आदल्या दिवशी त्यांनी आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ ताकात भिजवून ठेवलं. छायानं ते पाहिलं.

आवाहनाच्या सकाळी अकराच्या सुमाराला गाडी अठ्ठेचाळीस नंबरपाशी थांबली. शालूबाई उतरल्या. हातात आतून तांबडं मखमल लावलेली एक लाकडी पेटी. मुखवट्यांसाठी त्यांनी ती मुद्दाम खामगावच्या सुताराकडून करून घेतली होती. दोन्ही मुखवट्यांच्या मापाचे दोन खळगे होते तिच्यात. महादेवराव फुलं घ्यायला कोपऱ्यावर उतरले होते, ते पायी येणार होते. नव्या खडकोळीत ते पहिल्यांदाच येत होते. वास्तूच्या वेळी टाळेबंदी आडवी आली, आणि नंतर दर वर्षी ते परस्पर जुन्या गावीच जायचे.

शालूबाईंनी लोखंडी दारातून आत येत इकडेतिकडे पाहिलं. भिंतींना चुना होता, ओट्यावर छायानं सकाळीच सडा घातला होता, अर्पिता पायरीपासून आतपर्यंत रांगोळीची पावलं काढत होती.

"ही पावलं कायले काढून राह्यली व पोरी?" त्या म्हणाल्या.

"आजीनं सांगतलं."

शालूबाईंनी पेटी पलंगावर ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं. तीन वाजता निघायचंय, म्हणजे सहापर्यंत सगळं हाताशी येईल, असं त्यांनी छायाला सांगितलं. भाज्या चिरून डब्यांत घ्या, आंबिलीचं पीठ कॅनमध्ये ओतून घ्या. छाया "हो मोठ्या बाई" म्हणून लगेच डबे काढायला लागली. सुभद्राबाईंना तेव्हाच कळलं की सून आधीपासून त्या बाजूला आहे. कारणही उघड होतं. अर्पिता रोज पहाटेची बस पकडून खामगावला जायची, आणि मोठ्या बाईंनी फोनवर म्हटलं होतं, पोरगी आमच्याकडेच राहू दे शिकेपर्यंत. लक्ष्म्या तिकडं गेल्या तर पोरीचं राहणंही मागोमाग आलंच. छायाचं चुकलं असं सुभद्राबाईंना वाटलं नाही. आई होती ती.

गजेंद्र मळ्यातून आला, मोठ्या काकूच्या पाया पडला आणि दाराशीच उभा राहिला. त्याला बाजू नव्हती. जिच्यासमोर उभा असेल तिला तो मान डोलवायचा.

"अक्का," सुभद्राबाई शेवटी म्हणाल्या, "आम्ही इथी पीठ भिजवलं. पावलं काढली. यंदा इथीच बसवू."

शालूबाई हसल्या. त्यांचं हसणं वाईट नव्हतं, पण त्यात पन्नास वर्षं होती.

"कुठी बसवू म्हनते? चार वर्षं झाले, मी तुह्या तोंडून आयकते. प्लॉटवर ये, प्लॉटवर पानी नाई, प्लॉटवर गरम होते. लक्ष्म्या काय प्लॉटवर बसवाच्या?"

सुभद्राबाईंनी पिठाच्या भांड्यावरचं फडकं नीट केलं.

"आनि सांज झाली का मी तबक घेऊन बाहेर उभी राहीन. तीन गोष्टी विचारीन. तू काय सांगशीन?"

इथं उमाळ्यांची रीत सांगायला हवी. लक्ष्मी सोन्याच्या पावलानं आली की रुप्याच्या, हे सगळीकडे घरची माणसं विचारतात. उमाळ्यांकडे लक्ष्म्याच घराला विचारतात. थोरली सून मुखवट्यांचं तबक घेऊन दाराबाहेर उभी राहते आणि लक्ष्म्यांच्या वतीनं तीन प्रश्न करते: घर कोणाचं, दार कशाचं, शेजार कोणाचा. त्या घरात राहणाऱ्या सगळ्यात मोठ्या बाईनं आतून उत्तर द्यायचं, मग ती सवाष्ण असो की नसो. सासूबाई पंचफुलाबाई विधवा झाल्या त्यानंतरही अठ्ठावीस वर्षं उत्तर त्यांनीच दिलं. नियम एकच, खोटं बोलायचं नाही. खोटं उत्तर आलं तर लक्ष्म्या उंबऱ्यावरून परत जातात. उत्तर पिढ्यान्‌पिढ्या तेच होतं. घर उमाळ्यांचं, दार सागाचं, शेजार सोनारांचा. चौथऱ्यावरच्या चार वर्षांतही जागा तीच म्हणून तेच उत्तर चाललं.

आणि आता सोनार अकोल्याला मुलाकडे गेले होते. घराला सुभद्राबाई घर म्हणत नव्हत्या. आणि सागाचं दार समोरच्या घराला होतं.

ते असं झालं होतं. गाव उठताना लोक घराचं लाकूड, छपराचे कवेलू, दारं काढून नेत होते. उमाळ्यांच्या दाराची चौकट आजेसासऱ्यांच्या वेळची, जुन्या सागाची, उंबऱ्यासकट. वरच्या आडव्या लाकडावर पोपटांची जोडी कोरलेली, आणि उंचीला इतकी बुटकी की मोठ्या माणसानं वाकल्याशिवाय आत येऊ नये. नव्या घराच्या गवंड्यानं सांगितलं, ही बसत नाही, माप वेगळं. सुभद्राबाई म्हणाल्या, मग राहू दे तिथंच. घरातून दार काढलं तर घराला काय उरलं? त्यांना वाटलं, चौकट जागेवर राहील आणि पाणी येईल तेव्हा येईल. पण शंकरराव तायड्यांनी गजेंद्रला विचारलं, तुम्ही नेत नसाल तर आम्ही न्यावी का. गजेंद्र हो म्हणाला. आईला सांगायचं राहिलं. नव्या गावात राहायला आल्याच्या तिसऱ्या दिवशी सुभद्राबाईंनी सकाळी दार उघडलं, तर समोर त्यांची चौकट. पोपटांची जोडी त्यांच्याकडे बघत होती.

तेव्हापासून चार वर्षं त्या रस्ता ओलांडून समोर गेल्या नव्हत्या. रागावल्या होत्या असंही म्हणता येणार नाही. शंकररावांच्या पत्नी तानाबाई दिसल्या की बोलत, पाणी आलं का, बस गेली का. पण इकडचा पाय तिकडं गेला नव्हता आणि तिकडचा इकडं आला नव्हता.

"दार कशाचं म्हनशीन?" शालूबाईंनी पुन्हा विचारलं. मग त्यांचा आवाज उतरला. "माह्यं आयक सुभद्रे. तिकडं माह्या दाराले सागाचीच फळी हाये. पन्नास वर्षं मी बाहेर उभी राहून विचारलं. खामगावले गेली म्हनून घरातली नाई राह्यली, बाहेरची झाली. एकदा मले आतून सांगू दे."

हे त्यांनी आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. सुभद्राबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. केस पिकलेली, गुडघे धरून बसलेली थोरली जाऊ. दर वर्षी तबक घेऊन बाहेर उभी राहायची तेव्हा किती दिमाखात राहायची; त्या दिमाखामागे हे असेल असं कधी वाटलं नव्हतं. सुभद्राबाईंच्या मनात आलं, द्यावं सोडून. मी इथं राहते तरी कुठं. मी तर प्लॉटवर राहते.

त्यांनी उठून फडताळातून मुखवट्यांची घडी काढली. जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळलेले मुखवटे. त्या शालूबाईंच्या पेटीशी आल्या, आणि तेवढ्यात छाया म्हणाली, "मोठे बाबा अजून आले नाई."

खरंच की. कोपऱ्यावरून इथवर दोन मिनिटांचा रस्ता, आणि तास होत आला होता. फोन लावला तर तो शालूबाईंच्याच पिशवीत वाजला. गजेंद्र बसस्टॉपकडे धावला. अर्पिता गल्लीतून पाहून आली, आणि दारात उभी राहून हसू दाबत म्हणाली, "मोठे आबा समोर हाये. तानाआजीकडं. चहा पिऊन राह्यले."

शालूबाई ताडकन उठल्या. सुभद्राबाईही निघाल्या. मुखवटे पलंगावर पेटीशेजारी राहिले. रस्ता ओलांडून झाला तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपण एकतीस नंबरच्या ओट्यावर उभ्या आहोत.

महादेवराव आत पलंगावर ऐसपैस बसले होते. टोपी काढून खिडकीत ठेवली होती, शेवंतीच्या फुलांचा पुडा शेजारी. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी फुलं. समोर खुर्चीत तानाबाई. शंकरराव मुलाकडे बुलढाण्याला गेले होते.

झालं होतं ते महादेवरावांनी स्वतःच सांगितलं, आणि सांगताना त्यांचे कान लाल झाले. कोपऱ्यावरून येताना ते नंबर बघत येत होते. सगळी घरं सारखी. मग एक चौकट दिसली. पोपटांची जोडी. मग नंबर कशाला बघायचा? ते सरळ आत शिरले. शिरताना डोकं आपोआप वाकलं. लहानपणी त्या लाकडावर कपाळ आपटून आपटून वाकायची सवय हाडात बसली होती, ती चार वर्षांनी पुन्हा उठून आली. आत येऊन त्यांनी चपला कोपऱ्यात सारल्या, पलंगावर बसले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "सुभद्रे, पानी आन." आतून पाण्याचा तांब्या आला. ते घटाघटा प्यायले. मग डोळे मिटून बसले. बाजूच्या तसबिरी त्यांना दिसल्या नाहीत, तांब्या कोणी आणला हे दिसलं नाही. बऱ्याच वेळानं डोळे उघडले तर समोर तानाबाई उभ्या.

"मंग म्या इचारलं," तानाबाई म्हणाल्या, "चहा ठेवू का? का तसेच जाता?"

"आनि मी म्हटलं ठेव," महादेवराव म्हणाले. "आता पानी पेलो, मंग चहानं काय होते?" ते थांबले. "खरं सांगतो शालू, घरी आलो असं वाटलं मले. खामगावच्या घरात मी चाळीस वर्षांत असा डोळे मिटून बसलो नाई."

शालूबाईंनी चौकटीकडे पाहिलं. मग एक गोष्ट त्यांनी बोलून टाकलीच, कारण ती चार वर्षं सगळ्यांच्याच पोटात होती. "आमची चौकट हाये ती."

"तुमची होती," तानाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात भांडण नव्हतं. "गवंडी हसला आमच्यावर. दार मोठं करतात लोक, तुम्ही काऊन लहान करता? म्या म्हटलं, माप चौकटीचं घे, घर नंतर बांध. दर दिवाळीले जवसाचं तेल देते मी तिले. रंग नाई लावला."

"कायले पन?" सुभद्राबाईंनी विचारलं. त्या अजून बाहेरच, पायरीवर होत्या. "नवं चांगलं लाकूड भेटलं असतं तुम्हाले."

जुन्या गावात त्या तानाबाईंना अगं-तुगं करत. आता 'तुम्हाले' कधीपासून म्हणायला लागल्या, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

तानाबाई उठून दाराशी आल्या. दोघी म्हाताऱ्या चौकटीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"तुमच्या लक्षात हाये का पाहा. लक्ष्म्यांच्या आंबिलीच्या दिवशी आमी बाया गंज-पातेले घेऊन तुमच्या ओट्याखाली उभ्या राहू. पंचफुलाबाई वरून वतत. मंग तुमी वतत. मंग आमच्या मालकानं बंद केलं. म्हने, जिथी उंबऱ्याबाहेर ओंजळ धरा लागते तिथी जाचं नाई. बरोबरच केलं त्याईनं. पन मी चाळीस वर्षं ही चौकट बाहेरून पाह्यली, सुभद्राबाई. मले पाहाचं होतं का आतून बाहेर कसं दिसते."

सुभद्राबाईंना तो गंज आठवला. वरून ओतताना आपण कधी खाली बघत नव्हतो, गंजाच्या कडेकडे बघत होतो, हे आठवलं. आंबील सांडू नये म्हणून बघतो असं त्या स्वतःला सांगायच्या.

"कसं दिसते?" त्यांनी विचारलं.

"या ना मंग आत. पाहा."

सुभद्राबाई वाकल्या आणि आपल्याच जुन्या उंबऱ्यावरून तायड्यांच्या घरात गेल्या. तानाबाई बाजूला सरल्या. सुभद्राबाईंनी वळून बाहेर पाहिलं.

पन्नास वर्षं त्या चौकटीतून त्यांना सोनारांची भिंत दिसायची, तिच्यावर वाळत टाकलेल्या गोवऱ्या. आता चौकटीत एक घर दिसत होतं. चुन्यानं पांढरं झालेलं, ओट्यावर सडा ओला. कुंपणाशी वांग्यांची रांग, जांभळी फुलं आलेली. चवळीचा वेल दाराच्या कोपऱ्यावरून गच्चीला चढलेला. दोरीवर गजेंद्रचा सदरा. आणि पायरीपासून आतपर्यंत गेलेली पांढरी पावलं, जी बघून कोणालाही कळावं की इथं आज कोणी यायचं आहे. बाजूच्या घराची बाई कुंपणाशी उभी राहून छायाला काही मागत होती, आणि छाया तिच्या हातात कढीपत्त्याची डहाळी देत होती.

हे कोणाचं घर, असं क्षणभर सुभद्राबाईंच्या मनात आलं. किती नीट ठेवलंय. मग त्यांच्या लक्षात आलं. मुरूम खोदताना फुटलेला अंगठा त्यांनी दुसऱ्या पायानं दाबला.

"चौकट पाह्यजे असन तर घेऊन जा," तानाबाई मागून म्हणाल्या. "लक्ष्म्यांसाठी म्हनत असान तर. आमच्या धाकल्या पोराले, संघर्षले सांगते, काढून देईन."

महादेवराव सरसावून बसले. शालूबाईंनी सुभद्राबाईंकडे पाहिलं.

"नाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "तुमच्या घराचं दार हाये. तिथीच शोभते." आणि मग, जरा थांबून, "उद्या आंबिलीले या. आत बसून."

"मी पाया पडनार नाई हो."

"मी म्हटलं का पाया पडा?"

"मंग आंबील पिईन," तानाबाई म्हणाल्या.

परत रस्ता ओलांडताना शालूबाई पुढं चालत होत्या. महादेवराव मागून शेवंतीचा पुडा घेऊन येत होते आणि आपल्याशीच म्हणत होते की आता परत खामगावला जाऊन बसवायच्या कशाला, इथं पीठ भिजलंय, पावलं काढलीत. शालूबाईंनी नवऱ्याकडे एक नजर टाकली. गजेंद्रनं त्याच नजरेकडे बघून मान डोलवली. पण छायाच पुढं झाली. डब्यात भरलेल्या भाज्या तिनं न विचारता पुन्हा परातीत काढल्या. मघाशी कढीपत्ता मागायला आलेली बाई तिला म्हणाली होती, उमाळेकाकूंच्या घरी यंदा महालक्ष्म्या आहेत ना, आमच्या गल्लीतल्या आठ जणी दर्शनाला येऊ म्हणतात. छाया सासूला एवढंच म्हणाली, "लोक तर घरच म्हनतात आत्याबाई. तुमीच तेवढ्या राह्यल्या."

तीन वाजले. गाडी तिथंच उभी राहिली.

शालूबाई मात्र हो म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी इतकंच सांगितलं की तबक मी घेईन आणि विचारीन, रीत आहे तशी. उत्तर खरं आलं तर आत येईन, नाही तर पेटी तयार आहे.

दिवेलागणीला गल्लीतल्या बाया जमल्या. चार वेगवेगळ्या गावांतून उठून आलेल्या, एकमेकींच्या रिती न जाणणाऱ्या. त्या ओट्याखाली दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. अर्पितानं थाळी वाजवली. शालूबाई नऊवारी नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, तबक दोन्ही हातांत धरून पावलांवरून चालत आल्या आणि लोखंडी दाराशी थांबल्या. आत सुभद्राबाई. रस्त्यापलीकडे पोपटांच्या जोडीखाली तानाबाई हाताची घडी घालून बघत होत्या.

"लक्ष्म्या आल्या," शालूबाई म्हणाल्या. "घर कोनाचं?"

तो शब्द सुभद्राबाईंनी चार वर्षं उच्चारला नव्हता. निघताना त्यांनी त्याला जोर लावला नाही, तो आपसूक आला, पण इतका मोठ्यानं आला की थाळी वाजवणाऱ्या अर्पिताचा हात थांबला.

"घर उमाळ्यांचं."

"दार कशाचं?"

"दार लोखंडाचं."

बायांत कुजबुज झाली. लोखंडाचं दार कोणी लक्ष्म्यांना सांगतं का? महादेवराव खोकले. शालूबाईंनी तबक नीट धरलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांना उत्तर आधीपासून माहीत नव्हतं. तिसरा प्रश्न त्यांनी हळू विचारला, जसं खरंच जाणून घ्यायचं असेल.

"शेजार कोनाचा?"

"शेजार तायड्यांचा."

शालूबाईंनी मान वळवून रस्त्यापलीकडे पाहिलं. तानाबाई जागच्या हलल्या नाहीत. हाताची घडी फक्त सुटली.

मग शालूबाई वळल्या. सवयीनं त्यांनी डोकं वाकवलं, आणि उंच लोखंडी दाराला वाकायची गरज नाही हे ध्यानात येऊन पुन्हा ताठ केलं. तशाच ताठ मानेनं त्या आत आल्या. तबक सुभद्राबाईंच्या हाती देताना त्या जावेच्या कानाशी म्हणाल्या, "खरं सांगतलं. आता मले बस म्हन, गुडघे गेले माहे."

दुसऱ्या दिवशी आंबिलीला तानाबाई सून वैष्णवीला घेऊन आल्या. पाया पडल्या नाहीत. पंगतीत मधोमध बसल्या. वाढायला सुभद्राबाई होत्या, आणि वाढताना या खेपेला त्या वाटीकडे नाही, माणसाकडे बघत होत्या. तानाबाईंनी दोनदा घेतली, आणि म्हणाल्या की मीठ कमी आहे. शालूबाई लगेच म्हणाल्या, कमीच असते हिचं, मी पन्नास वर्षं सांगून राह्यली.

पुढं काय झालं ते थोडक्यात. अर्पितानं कॉलेजचं शेवटचं वर्ष खामगावला मोठ्या आजीकडे राहून पुरं केलं. त्यासाठी लक्ष्म्या तिकडं जाव्या लागल्या नाहीत. सध्या ती नांदुऱ्याला रोपवाटिकेत नोकरी करते आणि बिया निवडायला आजीकडे आणून देते. छायानं गल्लीतल्या बायांचा भाजीचा गट काढला, गजेंद्र त्यांची गाडी चालवतो आणि सगळ्यांनाच मान डोलवतो. महादेवराव पुढच्या उन्हाळ्यात गेले. आदल्या महिन्यात ते चार दिवस येऊन राहिले होते. दुपारी चहाला रोज समोर जायचे, आणि रोज वाकायचे.

त्यांच्यानंतर शालूबाईंचं खामगावात मन लागेना. मुलगा हरिओम त्यांना महिनाभरासाठी म्हणून खडकोळीत सोडून गेला, तो महिना अजून संपलेला नाही. घरातली सगळ्यात मोठी बाई आता त्याच, म्हणून दोन हजार पंचवीसच्या भाद्रपदात तबक घेऊन छाया बाहेर उभी राहिली, आणि आतून उत्तर शालूबाईंनी दिलं. एकावन्नाव्या वर्षी. शेवटचं उत्तर त्यांनी इतक्या ठसक्यात दिलं की समोरून तानाबाई म्हणाल्या, आयकू आलं बाई, आयकू आलं. मखमलीची पेटी आता खडकोळीतच असते, मुखवटे तिच्यात छान बसतात.

सुभद्राबाईंनी त्या दिवाळीत घराला चुना देताना दाराशेजारची पत्र्याची पाटीही पुसून घेतली. तिच्यावर सरकारी अक्षरात प्लॉट क्रमांक होता. तिथं गजेंद्रकडून नवीन लिहून घेतलं: उमाळे, तायड्यांच्या समोर. तानाबाईंनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी संघर्षला डबा-ब्रश घेऊन बसवलं. आता एकतीस नंबरवर लिहिलंय: तायडे, उमाळ्यांच्या समोर.

नवा पोस्टमन पहिल्या दिवशी दोन्ही पाट्या वाचून रस्त्यात मधोमध उभा राहिला आणि हसला. पत्रं मात्र त्यानं दोन्हीकडे बरोबर टाकली.